बापूसाहेबांवरची पुष्पवृष्टी

"आधी तो हार काढा त्याच्यावरचा!"

मी ओरडलोच. सकाळची वेळ होती. शाळेच्या पटांगणात झाडलोट चालली होती आणि नव्या विज्ञान भवनाच्या पायरीसमोर टेबलावर लाल कापड अंथरून ड्रोन मांडला होता. त्याच्या चारही पंख्यांमधून कुणीतरी हौसेनं झेंडूचा हार ओवला होता. पुढ्यात नारळ, उदबत्ती, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर बरोबर मधोमध हळदीकुंकू.

"पूजा नको का करायला, डुबल सर?" मुख्याध्यापक ननावरे सर दुखावल्यासारखे म्हणाले. "आज पहिल्यांदा लोकांसमोर उडणार तो."

"पूजा करा हो. पण हाराचा दोरा मोटरीत गुंतला म्हणजे?"

"तुम्ही फार टेन्शन घेता बुवा."

मी खिशातून जुना टूथब्रश काढला आणि मोटरीत शिरलेल्या अक्षता उकरत बसलो. त्या शाळेत मी जे काही शिकवलं त्यातलं निम्मं असंच उकरण्यात गेलं.

याला आता बरीच वर्षं झाली. खटाव भागातल्या रेठवडीच्या शाळेला मुंबईत राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं ड्रोनचा संच भेट दिला होता आणि मुलांना तो छंद म्हणून, पण नीट, कुणाला इजा न करता उडवता यावा म्हणून दर शनिवारी शिकवायला मला बोलावलं होतं. मी साताऱ्याहून मोटारसायकलवर जायचो. पहिल्याच दिवशी कळलं, की ड्रोन ननावरे सरांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात असतो आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला.

"वस्तू महागाची आहे. मुलांच्या हातून फुटली तर संस्थेला काय तोंड दाखवू?" ते म्हणायचे. "तुम्ही फळ्यावर शिकवा ना."

मग मी फळ्यावर शिकवलं. टेबलफॅन मांडून पंखा हवा खाली कशी ढकलतो ते दाखवलं. पुठ्ठ्याचा ड्रोन करून हातात धरून वर्गभर फिरलो. वारा कसा बघायचा, झाडं आणि तारा कशा टाळायच्या, माणसांच्या डोक्यावर कधीच का न्यायचा नाही, हे सगळं कोरडं. म्हणजे पोहायला शिकवायचं आणि विहीर कुलपात! पोरं जांभया द्यायची, माझं डोकं उठायचं.

भांडून भांडून काही शनिवार ड्रोन मैदानात आणू दिला, तोही ननावरे सरांच्या पहाऱ्यात. ड्रोन वर गेला की हे खाली दोन्ही हात पसरून त्याच्याबरोबर पळायचे, झेल घ्यायला. "सर, बाजूला व्हा, पंखा लागेल," असं मी घसा फुटेस्तोवर ओरडायचो. त्यांना काळजी ड्रोनची, स्वतःच्या बोटांची नाही.

त्यांना एकदा जागेवरून हलवलं ते दहावीतल्या आफरीन मुलाणीनं. रिमोट तिच्या हातात होता. ती अगदी शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही सरकल्याशिवाय मी खाली घेत न्हाई. बॅटरी संपत आलीय. बघा आता." मुख्याध्यापक तुरुतुरु कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की इथं येण्यात काहीतरी अर्थ आहे.

आफरीनचा हात स्थिर होता आणि डोकं त्याहून स्थिर. इतर पोरांना ड्रोन म्हणजे वरून काढलेला फोटो. तिला तो का हलतो, का थांबतो, हे समजून घ्यायचं असायचं. कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा असतो, हे मीच तिला सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "अब्बा म्हणत्यात, दहावी झाली की बास."

तिचे वडील, हमीदभाई, पंचक्रोशीत मंडप आणि लाउडस्पीकर पुरवायचे. मी त्यांच्याकडे गेलो. पायाशी कापडाच्या घड्या घालता घालता त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "सर, पोरगी हुशार हाय हे तुम्ही सांगताय. मी बघितलं न्हाई," ते म्हणाले. "उद्घाटनाला मंडप माझाच हाय. तिथं उडवू द्या तिला. बघतो काय शिकली, मग बोलू."

म्हणजे विज्ञान भवनाच्या उद्घाटनाला आफरीननं ड्रोन उडवायचा, वडिलांनी बघायचा, आणि त्यावर तिचं पुढचं शिक्षण ठरायचं. माझ्या दृष्टीनं त्या दिवशी एवढा एकच कार्यक्रम होता. फीत कापणं वगैरे लोकांसाठी.

अक्षता उकरून झाल्या. काच पुसली. "बॅटऱ्या द्या," मी म्हणालो.

ननावरे सरांनी मोठ्या अभिमानानं डबा उघडला. "फुल्ल चार्ज! परीक्षांमुळे तुमचा वर्ग बंद होता ना, तेव्हापासून शिपायाला सांगून ठेवलं होतं, जरा उतरली की लगेच लाव चार्जिंगला. एक दिवस खाडा नाही."

मी डब्यात बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही बॅटऱ्या पुरीसारख्या टम्म फुगल्या होत्या.

"सर, मी किती वेळा सांगितलं होतं, वापर नसेल तेव्हा अर्ध्यावर ठेवायच्या! आणि उन्हात तापणाऱ्या कपाटात तर नाहीच."

"अर्धं ठेवून काय करायचं? मोबाइल काय आपण अर्धा ठेवतो?"

"ही बॅटरी मेली. हिच्यावर ड्रोन उडवला तर वर गेल्यावर दगा देईल, नाहीतर पेट घेईल. आज उडवायचा नाही."

ननावरे सरांनी बॅटरीचं बटण दाबलं. चारही हिरवे दिवे लागले. "हे बघा! चारही! आणि तुम्ही म्हणता मेली."

मी त्यांना समजावत होतो, तेवढ्यात टेबलाखाली ठेवलेल्या टोपलीकडे माझं लक्ष गेलं. गुलाबाच्या पाकळ्या. शेजारी जुन्या ओढणीची शिवलेली झोळी, तिला चार दोरे आणि एक लांब ओढायचा दोरा.

"हे काय आहे?"

ननावरे सरांचा चेहरा खुलला. "सरप्राइज! संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब फीत कापतील आणि त्याच क्षणी वरून पुष्पवृष्टी! झोळी ड्रोनला बांधायची. कार्यानुभवाच्या बाईंनी शिवली. तुम्हाला मुद्दाम नव्हतं सांगितलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पायरीसमोर, जिथं बापूसाहेब उभे राहणार, तिथंच पाचवी-सहावीची पोरं मांडी घालून बसायची होती. फुगलेली बॅटरी, खाली लोंबणारी झोळी आणि त्याखाली पोरांची डोकी. जे जे करायचं नाही म्हणून मी वर्षभर घसा कोरडा केला, ते सगळं एका कार्यक्रमात बसवलं होतं.

"मी हा ड्रोन उडवू देणार नाही," मी म्हणालो. डबा उचलला, व्हरांड्यातल्या आग विझवायच्या वाळूच्या बादलीत दोन्ही बॅटऱ्या पुरल्या आणि बादली उचलून मैदानाच्या टोकाला नेऊन ठेवली.

परत येतो तोवर ननावरे सरांनी शिपायाला पिटाळलं होतं. तो बॅटऱ्या घेऊन, टॉवेलनं वाळू झटकत माझ्या शेजारून गेला. मला तर हसावं की रडावं कळेना.

"डुबल सर," ननावरे सर आता थंडपणे म्हणाले, "तुम्ही पाहुणे शिक्षक. तुमची परवानगी कुणी मागितलीय? आफरीन उडवेल. पायलट तीच ना? तुम्हीच नेमलीत."

मी आफरीनला शोधत मंडपामागे गेलो. ती लाउडस्पीकरच्या खोक्यावर बसली होती. युनिफॉर्मला कडक इस्त्री, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. मला बघून उठली.

"तुला कळलं?"

"सरांनी मघाशीच सांगितलं. बॅटरी पण दाखवली." ती जरा थांबली. "म्हणाले, नीट उडव. स्नेहसंमेलनाचा मंडप कुणाला द्यायचा ते अजून ठरायचंय म्हणाले."

"असं म्हणाले? तुला?"

तिनं मान हलवली. पोरीच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला बापाच्या पोटावरून धमकी देतो हा माणूस, आणि वर स्वतःला शिक्षक म्हणवतो.

"मी सांगतो तुझ्या वडिलांना. आत्ताच सांगतो."

"नका सर," ती चटकन म्हणाली. "त्यांना कशाला त्यात घालताय? ते सकाळपासून खूश हायेत. शेजारच्या गावावरनं मामूला बोलावलंय बघायला."

"मग काय करणार आहेस?"

ती समोर बघत राहिली. हमीदभाई शिडीवर चढून कमानीला झालर बांधत होते. आम्हाला बघून त्यांनी वरूनच हात केला. आफरीननंही केला.

कार्यक्रम सुरू झाला. झांजपथक वाजलं. बापूसाहेब आले, पांढरे शुभ्र कपडे, खांद्यावर उपरणं, मागं माणसांचा घोळका. भाषणं झाली. प्रत्येकानं बापूसाहेबांच्या दूरदृष्टीबद्दल सांगितलं. पोरं उन्हात बसून चुळबुळत होती. दोरी लावून मी ड्रोनसाठी आखलेला चौकोन केव्हाच माणसांनी भरून गेला होता. मी दोनदा लोकांना मागं सारलं, दोनदा ते पुढं आले. तिसऱ्यांदा एकानं मला विचारलं, "तुम्ही पोलीस हाय का?"

शेवटी ननावरे सर माइक घेऊन पायरीपाशी आले. "आता आपल्या शाळेची कन्या आफरीन मुलाणी, ड्रोनच्या साह्यानं, आदरणीय बापूसाहेबांवर..." पुढचं टाळ्यांत बुडालं. बापूसाहेब कमानीखाली हात जोडून, मान किंचित वर करून उभे राहिले. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला.

आफरीन टेबलापाशी आली. झोळी ड्रोनला बांधलेली होती. तिनं बॅटरी बसवायचा प्रयत्न केला. फुगल्यामुळे ती खाचेत जाईना. माइक काखेत धरून ननावरे सरांनी तळहातानं बॅटरीवर जोर दिला. कटकन आवाज झाला आणि ती आत बसली. चार दिवे लागले. "बघ, झालं की," ते पुटपुटले, आणि ते पुटपुटणंही लाउडस्पीकरवरून गावभर गेलं.

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "आफरीन, दे इकडं. मी सांगतो सगळ्यांना, उडवणार नाही म्हणून."

"थांबा सर."

तिनं रिमोट हातात घेतला. एकदा वर बघितलं, झालरी हलत होत्या. एकदा समोर पायरीपाशी बसलेल्या पोरांकडे बघितलं. एक पोरगा तोंड उघडं टाकून ड्रोनकडे बघत होता. मग तिनं मंडपाच्या खांबाकडे बघितलं. तिथं हमीदभाई आणि तिचे मामू उभे होते, मामूंनी मोबाइल वर धरला होता. पोरगी किती वेळ तशीच उभी होती. मला वाटलं, उडवते आता. खरं सांगतो, तिनं उडवला असता तर मी तिला दोष दिला नसता.

तिनं रिमोट बंद केला. ड्रोन उलटा केला, कष्टानं बॅटरी उपसून काढली आणि लाल कापडावर ठेवली.

"उडवत न्हाई सर. बॅटरी फुगलीय. खाली बारकी पोरं बसल्यात."

माइक अजून ननावरे सरांच्या काखेतच होता. शब्द न शब्द तिच्या बापाच्या लाउडस्पीकरमधून सगळ्या पटांगणाला ऐकू गेला.

बापूसाहेबांचे हात जोडलेलेच होते, हसू मात्र जागच्या जागी वाळलं. "काय झालं, ननावरे?"

"तांत्रिक अडचण, साहेब, किरकोळ... आफरीन, वेडेपणा करू नकोस!"

बापूसाहेबांनी हात सोडले. "उडवता येत नसेल तर आधी सांगायचं ना, बाळ. एवढ्या लोकांना कशाला बोलावलं?" मागच्या घोळक्यात हशा पिकला.

आफरीनचं तोंड लालबुंद झालं. पण आवाज हलला नाही. "येतंय साहेब. चांगलं येतंय. पण उडवत न्हाई."

मी पुढं झालो, सांगायला लागलो की मुलीचं बरोबर आहे, बॅटरी धोकादायक आहे, पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं. बापूसाहेब मंडपाकडे बघत होते.

"हमीद!" त्यांनी हाक मारली. "ती पोरगी तुझी ना? चढ वर. तू टाक फुलं."

हमीदभाई क्षणभर हलले नाहीत. मग आले. टेबलाखालची टोपली उचलली. लेकीच्या अगदी शेजारून गेले, तिच्याकडे न बघता. कमानीला शिडी लावली आणि वर चढले. बापूसाहेबांनी फीत कापली, पुन्हा हात जोडले, मान वर केली, आणि हमीदभाईंनी एका हातानं खांब धरून दुसऱ्या हातानं मुठी मुठी पाकळ्या त्यांच्या डोक्यावर टाकल्या. झांजा वाजल्या. मामूंनी मोबाइल खाली घेतला.

मी आफरीनकडे बघू शकलो नाही. चिडलो होतो मी. बापूसाहेबांवर, ननावऱ्यांवर, टाळ्या वाजवणाऱ्यांवर. पण खरा संताप याचा होता, की माझ्या शहाण्या विद्यार्थिनीनं अगदी योग्य तेच केलं आणि त्याचं बक्षीस म्हणून तिला बापाला शिडीवर चढलेलं बघावं लागलं. आणि आता कराडचं नाव काढायलाही तोंड उरलं नव्हतं.

पाहुणे जेवायला गेले तसे ननावरे सर माझ्याकडे आले. "पुढच्या शनिवारपासून तुम्ही नाही आलात तरी चालेल," ते म्हणाले. "मुलांना आज्ञाधारकपणा आधी शिकवायला हवा होता." ड्रोन त्यांनी पदराखाली लेकरू घ्यावं तसा पोटाशी धरला होता. बॅटऱ्या मी गडबडीत उचलून पुन्हा वाळूत पुरल्या होत्या; त्यांच्यासाठी हात पुढं केला तेव्हा मात्र मी दिल्या नाहीत. वाळूच्या बादलीसकट मोटारसायकलला बांधल्या. बादली शाळेची आहे, असं ते ओरडत राहिले.

निघायच्या आधी मंडपाकडे गेलो. दुपार कलली होती. हमीदभाई आणि त्यांची माणसं कापड उतरवत होती. आफरीन एका बाजूला बसून लाउडस्पीकरची वायर कोपरावर गुंडाळत होती. युनिफॉर्मवर धूळ बसली होती. बापलेक बोलत नव्हते.

"हमीदभाई," मी म्हणालो, "चूक तिची नाही. तिनं जे केलं ते..."

"स्नेहसंमेलनाचं काम गेलं," ते म्हणाले. आवाज सपाट होता. "साहेबांनी गाडीत बसताना सांगितलं. फुलं टाकली तरी गेलं."

माझ्यामुळे झालं, असं काहीतरी मी बोलायला लागलो.

"सर, मी किती वर्षं मंडप घालतोय तुम्हाला ठाऊक हाय का? आफरीनच्या जन्माच्या आधीपासनं." त्यांनी हातातली गाठ सोडवली. "दरवेळी हे येत्यात. म्हणत्यात, हमीद, खांब हितं नको, तिकडं रोव, फोटोत मधी येतोय. मला दिसत असतं, तिकडं जमीन भुसभुशीत हाय, टिकायचा न्हाई. खाली बायका-पोरं बसायची असत्यात. मला सगळं दिसत असतं."

ते थांबले. आफरीनच्या हातातली वायरही थांबली.

"रोवतो," ते म्हणाले. "दरवेळी तिकडंच रोवतो. आणि मग कार्यक्रम संपेस्तोवर खांबाला पाठ लावून उभा राहतो, पडला तर माझ्यावर पडावा म्हणून. आजपतूर एकदाबी तोंडातनं 'न्हाई' निघालं न्हाई."

त्यांनी कापडाची घडी खाली ठेवली, हात झटकले आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"कराडला पोरींच्या राहण्याची सोय असती का, सर?"